बेडकाचे हृदय व रक्ताभिसरण

बेडकाचे हृदय दोन अलिंदे व एक निलय अशा तीन कप्प्यांचे असते. माशाच्या दोन कप्प्यांच्या आणि पक्षी व सस्तन प्राण्यांच्या चार कप्प्यांच्या हृदयाच्या तुलनेत ते मधल्या पायरीवरचे मानले जाते. एकाच निलयात ‘शुद्ध’ व ‘अशुद्ध’ रक्त मिसळत असल्यामुळे हे हृदय अपूर्ण आहे, असे वर्णन अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. ते अर्धेच खरे आहे. बेडूक फुप्फुसांबरोबरच ओलसर त्वचेनेही श्वसन करतो आणि त्याच्या हृदयाची रचना या दुहेरी श्वसनाशी निगडित आहे. पुढील वर्णन मुख्यतः भारतीय बैल-बेडूक (होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, जुने नाव राना टायग्रिना) व त्याच्या जवळच्या जातींना लागू पडते.

हृदयाची रचना

हृदय वक्षभागात, अन्ननलिकेच्या खालच्या म्हणजे पोटाकडील बाजूस असते. त्याभोवती परिहृदय हे दुपदरी आवरण असून दोन पदरांमधील द्रवामुळे हृदयाचे घर्षणापासून रक्षण होते. अलिंदे पातळ भित्तीची असतात व उजवे डाव्यापेक्षा मोठे असते. दोहोंच्या मध्ये पूर्ण पडदा असतो. निलयाची भित्ती जाड व मांसल असून आतील पृष्ठभाग स्नायूंच्या कंगोऱ्यांमुळे स्पंजासारखा खोलगट कप्प्यांचा बनलेला असतो. निलयाच्या स्नायूला स्वतंत्र हृद्-रोहिणीचा पुरवठा नसतो. या कप्प्यांत शिरणाऱ्या रक्तातूनच त्याचे पोषण होते.

तीन मुख्य कप्प्यांखेरीज हृदयाला दोन जोडभाग असतात. पाठीकडील बाजूस त्रिकोणी, पातळ भित्तीचे नीला-कोटर म्हणजेच सायनस व्हेनोसस असते. दोन अग्र महानीला व एक पश्च महानीला त्यात रक्त आणून सोडतात आणि ते रक्त झडपांनी संरक्षित छिद्रातून उजव्या अलिंदात जाते. फुप्फुसांकडून येणारे रक्त फुप्फुस-नीलेने थेट डाव्या अलिंदात येते. पोटाकडील बाजूस निलयाच्या उजव्या कोपऱ्यातून रोहिणी-शंकू म्हणजेच कोनस आर्टेरिओसस निघतो. त्याच्या तोंडाशी अर्धचंद्राकृती झडपा असतात व आत एक लांब, पीळ दिल्यासारखी सर्पिल झडप असते.

रोहिणी-चाप

शंकूपासून निघणारे रोहिणीकांड दोन शाखांत विभागते व प्रत्येक शाखेपासून तीन चाप निघतात. ग्रीवा-चाप डोक्याला रक्त पुरवतो. दैहिक चाप अन्ननलिकेला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या चापास मिळतो व पृष्ठ महारोहिणी बनते. शरीराच्या बहुतेक भागांना तिच्यापासून रक्त मिळते. तिसरा फुप्फुस-त्वचीय चाप असून त्याची एक शाखा फुप्फुसाकडे व दुसरी त्वचेकडे जाते. हे चाप भ्रूणातील तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या चापजोड्यांपासून बनतात. कल्ल्यांनी श्वसन करणाऱ्या भैरोळ्यात म्हणजे बेडकाच्या डिंभात हेच चाप कल्ल्यांना रक्त पुरवीत असतात. रूपांतरणाच्या वेळी पाचवी जोडी नाहीशी होते.

निलयातील रक्ताचे वाटप

उजव्या व डाव्या अलिंदातील रक्त एकाच निलयात आले की ते पूर्ण मिसळते का, हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ वादाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एर्न्स्ट ब्रुके यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार निलयाच्या उजव्या भागातील कमी ऑक्सिजनचे रक्त प्रथम बाहेर पडून कमी रोध असलेल्या फुप्फुस-त्वचीय चापात जाते, नंतर मिश्र रक्त दैहिक चापांत आणि शेवटी डाव्या भागातील ऑक्सिजनयुक्त रक्त ग्रीवा-चापांत जाते. कित्येक पिढ्यांनी हीच त्रिस्तरीय योजना पाठ केली. विसाव्या शतकाच्या मध्यास जी. ई. एच. फॉक्सन यांनी रक्त बऱ्याच अंशी मिसळते असे प्रतिपादन केले. उलट झेनोपस या आफ्रिकी बेडकावरील डी ग्राफ यांच्या १९५७ मधील प्रयोगांत दोन प्रवाह बरेचसे वेगळे राहतात असे दिसले.

आज सामान्यतः मान्य असलेले चित्र या दोहोंच्या मधले आहे. निलयाच्या स्पंजासारख्या भित्तीतील कप्पे दोन प्रवाहांना काही प्रमाणात अलग ठेवतात व सर्पिल झडप त्यांना वेगवेगळी दिशा देते. त्यामुळे उजव्या अलिंदातील रक्ताचा मोठा भाग फुप्फुस-त्वचीय चापात व डाव्यातील रक्ताचा मोठा भाग इतर चापांत जातो. चापांत रक्त ठराविक क्रमाने एकामागून एक शिरते, हा जुन्या उपपत्तीचा भाग मात्र टिकलेला नाही.

‘उजवीकडचे अशुद्ध, डावीकडचे शुद्ध’ ही मांडणी बेडकाला लागू करताना आणखी एक गोष्ट नजरेआड होते. त्वचेत ऑक्सिजन घेतलेले रक्त फुप्फुसाच्या रक्ताबरोबर डाव्या अलिंदात येत नाही. ते त्वचीय नीलेतून अग्र महानीलेत व तेथून उजव्या अलिंदात येते. म्हणजे उजव्या अलिंदातील रक्तही काही अंशी ऑक्सिजनयुक्तच असते. बेडूक पाण्याखाली असताना फुप्फुस-रोहिणी आकुंचन पावते, फुप्फुसाकडील प्रवाह घटतो व त्वचेचा वाटा वाढतो. फुप्फुसे निरुपयोगी असताना डावे अलिंद फारसे ताजे रक्त आणीत नाही. निलय पूर्ण दुभागलेला असता तर त्वचेतून आलेले ऑक्सिजनयुक्त रक्त आधी फुप्फुसांच्या वाटेला लागले असते व शरीराला ते थेट मिळाले नसते. एकाच निलयामुळे फुप्फुसांना वगळून रक्त शरीराकडे वळवता येते. चिखलात सुप्तावस्थेत असताना बेडकाचे श्वसन मुख्यतः त्वचेनेच चालते, तेव्हाही ही सोय उपयोगी पडते.

नीला व पोर्टल अभिसरण

मागच्या पायांतील रक्त थेट हृदयाकडे परत येत नाही. त्याचा काही भाग वृक्क-पोर्टल नीलांतून वृक्कांत, तर काही भाग उदराच्या मध्यरेषेतील नीलेतून यकृतात जातो व तेथील केशवाहिन्यांतून पुन्हा फिरतो. आतड्यांकडील रक्त यकृत-पोर्टल नीलेने यकृतात येते. वृक्क-पोर्टल संस्था सस्तन प्राण्यांत नसते.

रक्तातील तांबड्या पेशी अंडाकृती व केंद्रकयुक्त असून माणसाच्या तांबड्या पेशींहून बऱ्याच मोठ्या असतात.

हृदयाची लय व प्रयोगांतील स्थान

ठोक्याची सुरुवात नीला-कोटरात होते व आकुंचनाची लाट अलिंदे, निलय आणि शंकू या क्रमाने पसरते. १८५२ मध्ये हेर्मान स्टॅनिअस यांनी कोटर व अलिंदे यांच्या दरम्यान दोरा आवळला तेव्हा कोटर ठोके देत राहिले, पण उरलेले हृदय थांबले. शरीराबाहेर काढल्यावरही योग्य द्रवात हे हृदय बराच काळ चालते. या गुणामुळेच सिडनी रिंगर यांना १८८०च्या दशकात स्नायूच्या आकुंचनासाठी कॅल्शियम आवश्यक असल्याचे आढळले. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस तंत्रिका उद्दीपित करून त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला आणि तेही मंदावले. तंत्रिका रासायनिक पदार्थांमार्फत संदेश पोहोचवतात, याचा तो पुरावा ठरला. लोवी यांना हेन्री डेल यांच्यासह १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

केशवाहिन्यांचा शोधही बेडकातच लागला. १६६१ मध्ये मार्चेलो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात रोहिणी व नीला यांना जोडणाऱ्या या सूक्ष्म वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. विल्यम हार्वी यांच्या रक्ताभिसरणाच्या सिद्धांतातील न दिसणारा दुवा त्यामुळे सापडला.

लसीका-हृदये

बेडकाची कातडी शरीराला सैल चिकटलेली असते व तिच्याखाली लसीकेने भरलेल्या पोकळ्या असतात. ही लसीका नीलांत ढकलण्यासाठी दोन जोड्या लसीका-हृदये असतात: एक खांद्याच्या भागात, दुसरी पाठीच्या कण्याच्या मागील टोकाजवळ. ती मुख्य हृदयाच्या लयीशी संबंध न ठेवता स्वतंत्रपणे स्पंदन पावतात.