पेटीतून घरी आलेली पुस्तकं

मागच्या भागात आपण सयाजीराव गायकवाडांच्या सक्तीच्या शिक्षणाबद्दल बोललो. 1893 मध्ये अमरेलीत प्रयोग, 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात कायदा. पण खरी गोची पुढेच होती. शाळा सुटली, घरात एकही पुस्तक नाही, की पोरं शिकलेली अक्षरं विसरायची. माझ्या आजीचं हेच झालं. चौथी शिकली, आता फक्त सही करते.

यावर उपाय म्हणून महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना आणलं. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, त्यात बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय. पण मला सगळ्यात भारी वाटतात त्या फिरत्या पेट्या! लाकडी पेटीत पुस्तकं भरायची आणि गावोगाव पाठवायची, तीही फुकट. पोराने वाचायला आणलेलं पुस्तक घरात आईच्याही हाताला लागणार ना! नुसत्या कायद्याने हे जमलं नसतं, असं माझं मत.

बरं, हे सुचलं कोणाला? मालेगावजवळच्या कवळाण्यातून दत्तक गेलेल्या, आणि तोपर्यंत, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत, लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलाला.