‘रझाकार’ : एका शब्दाचे अर्थांतर

अर्थापकर्षाची उदाहरणे देण्यासाठी मराठवाड्यातील अध्यापकाला भाषाविज्ञानाचे ग्रंथ धुंडाळावे लागत नाहीत. कोणी मनमानी केली, धाकदपटशा दाखवला की ‘ही काय रझाकारी आहे का?’ असा सवाल नांदेड-लातूरकडे सहज ऐकू येतो. ज्येष्ठांच्या बोलण्यात ‘रझाकारीत’ हे कालवाचक क्रियाविशेषणच होते. एकाच शब्दात शिवी, कालगणना आणि इतिहास असे तिन्ही सामावले आहे.

शब्दाचे मूळ मात्र अगदी सालस. अरबी ‘रझा’ म्हणजे संमती, खुषी. तिला फारसी ‘कार’ जोडले की स्वखुषीने काम करणारा, अर्थात स्वयंसेवक. कचेरीतून आपण घेतो ती ‘रजा’ही याच घराण्यातली. उर्दूत आजही रक्तदान शिबिरात राबणाऱ्याला निःसंकोचपणे रझाकार म्हणता येते.

मराठीत हा अर्थ का टिकला नाही, याचे उत्तर १९४७-४८ च्या तेरा महिन्यांत आहे. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्यास नकार देत असताना, मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनच्या स्वयंसेवक दलाने खेडोपाडी लूट, जाळपोळ आणि हत्या यांचे सत्र आरंभले. १९४६ मध्ये मजलिसचे अध्यक्षपद मिळवणारा कासीम रझवी हा लातुरात वकिली करणारा गृहस्थ. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने ही सत्ता संपली. शब्द मात्र राहिला.

राहिला तो कोणत्या अर्थाने, हा खरा प्रश्न. रझाकार हे एका संघटनेचे नाव होते, जमातीचे नव्हे. त्यांच्यावर निर्भीडपणे टीका करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली, ते स्वतः मुसलमानच होते. कारवाईनंतर मात्र हा भेद पुसट झाला आणि ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता असेही असंख्य लोक सूडाला बळी पडले. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार इतका केला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते, आणि लातूर तेव्हा उस्मानाबादेतच मोडत असे. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. अत्याचाराला भाषेने नाव दिले. या दुसऱ्या दुःखासाठी मराठीत तसा एकही शब्द रूढ झाला नाही.

बंगालीतही या शब्दाची अशीच गत झाली. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या दलाचे हेच नाव असल्याने बांगलादेशात रझाकार म्हणजे देशद्रोही. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान शेख हसीना यांनी आंदोलकांच्या संदर्भात तो उच्चारताच विद्यार्थ्यांनी तोच शब्द उपरोधाने घोषणेत घेतला. ऑगस्टमध्ये सरकार कोसळले.

म्हणून मुक्तिसंग्रामावरील निबंध तपासताना आम्ही या शब्दाखाली रेघ ओढतो आणि विद्यार्थ्याला विचारतो : येथे तुला संघटना अभिप्रेत आहे, जुलूम, की शेजारी? पहिले दोन अर्थ इतिहासाने दिले आहेत. तिसरा आपण लादला आहे, आणि तो खोडण्याचे काम मराठी शिकवणाऱ्यांचेच आहे.