ओकच्या ढलप्या (बिअरनिर्मिती)

ओकच्या ढलप्या म्हणजे बिअरला लाकडाचा स्वाद देण्यासाठी वापरले जाणारे ओकच्या लाकडाचे भाजलेले लहान तुकडे होत. पिंपात बिअर मुरवणे खर्चिक असल्याने घरगुती बिअर बनवणारे पिंपाऐवजी या ढलप्या किण्वनपात्रात टाकतात. पिंपाच्या लाकडातून मंद गतीने झिरपणाऱ्या प्राणवायूमुळे चवीत होणारा बदल मात्र ढलप्यांनी साधत नाही.

पार्श्वभूमी

बिअरला लाकडाची चव यावी, ही अपेक्षा तुलनेने नवी आहे. १९व्या शतकातील ब्रिटिश उत्पादक बाल्टिक प्रदेशातील 'मेमेल' ओकची पिंपे पसंत करत, कारण त्याची चव बिअरमध्ये फारशी उतरत नसे. अमेरिकन ओकची चव त्यांना दोष वाटे. बोहेमियातील पिल्सेन येथे पिंपांना आतून राळेचा लेप देत. बडवायझर बिअरमध्ये वापरले जाणारे बीच लाकूडही स्वादासाठी नसते. खाण्याच्या सोड्यात उकळून त्याची चव काढून टाकतात आणि ते यीस्टला बसण्यासाठी पृष्ठभाग म्हणून वापरतात.

निवड

अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये (क्वेर्कस आल्बा) लॅक्टोन अधिक असल्याने नारळ व व्हॅनिलासारखा स्वाद ठळक उतरतो. फ्रेंच ओकमध्ये टॅनिन अधिक असून स्वाद सौम्य व मसालेदार असतो. जातीइतकीच भाजणीही महत्त्वाची असते. उष्णतेने लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलिन, तर हेमिसेल्युलोजपासून कॅरॅमलसारखे स्वाद तयार होतात. भाजणी गडद होत जाते तसा नारळाचा स्वाद घटून धुरकटपणा वाढतो. स्टाउट व पोर्टर या काळ्या बिअरना असा स्वाद पेलतो. फिकट लागर त्याखाली सहज झाकली जाते. न भाजलेले लाकूड तुरट व कच्चे लागते. सुतारकामातील उरलेले तुकडे, प्लायवुड किंवा रसायने लावलेले लाकूड कधीही वापरू नये. चीडसारख्या राळयुक्त लाकडामुळे बिअरला टर्पेंटाइनसारखा वास येतो.

प्रमाण व कालावधी

२० लिटर बिअरला साधारणतः ३० ते ६० ग्रॅम ढलप्या पुरतात. पातळ ढलप्यांचा स्वाद एक-दोन आठवड्यांत उतरतो. जाड चौकोनी तुकड्यांना दोन महिनेही लागतात, पण त्यांचा स्वाद अधिक खोल असतो. त्यामुळे ढलप्या वापरताना दर दोन-तीन दिवसांनी चव घेणे आवश्यक ठरते. एकदा उतरलेला स्वाद काढता येत नाही. जास्त झाल्यास ओक न घातलेली बिअर मिसळणे हाच व्यवहार्य उपाय होय. सच्छिद्र लाकडात जंतू राहू शकत असल्याने ढलप्या आधी वाफवतात किंवा व्हिस्कीत भिजवतात. पाण्यात उकळल्यास स्वादाचा काही भाग पाण्याबरोबर जातो.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत घरगुती बिअरनिर्मितीला १९७८ च्या संघीय कायद्याने मुभा मिळाली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती करणे गुन्हा आहे.