हातभरणीची रायफल-काडतुसे

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा घेऊन तीत नवी टोपी, मोजलेली दारू आणि निवडलेली गोळी नेमबाजाने स्वतः बसवून केलेली काडतुसे. पुंगळी वाचवणे हा हातभरणीचा जुना हेतू; अचूक नेमबाजीत मात्र हेतू वेगळा असतो. कारखान्याचे काडतूस त्या मापाच्या कोणत्याही रायफलीत जावे लागते. हाताने भरणाऱ्यापुढे एकच रायफल असते आणि तिच्याच नळीला मानवेल असे काडतूस तो घडवत जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील जर्मन-स्विस वळणाच्या ‘शुट्झेन’ स्पर्धांत नेमबाज एकच पुंगळी दिवसभर जागेवर पुन्हा पुन्हा भरत. नळ्या घडवणारे हॅरी पोप (१८६१–१९५०) याच परंपरेतले. गोळ्या विखुरण्याचे कारण पद्धतशीरपणे शोधले ते मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचे डॉ. फ्रँकलिन मॅन (१८५६–१९१६) यांनी. नेमबाजाच्या हाताची चूक वगळता यावी म्हणून त्यांनी काँक्रीटच्या ओट्यावर नळी बसवली आणि वर्षानुवर्षे गोळ्या झाडल्या. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ या ग्रंथात त्यांनी गोळीचा असमतोल आणि तिच्या बुडाची तिरपी कड यांवर बोट ठेवले. आजच्या हातभरणीचा बराचसा विचार तिथूनच सुरू होतो.

या कलेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘६ पीपीसी’ हे काडतूस. बेंचरेस्ट प्रकारात रायफल टेबलावरील वाळूच्या पिशव्यांवर टेकवून झाडतात आणि पाच गोळ्यांची छिद्रे एकमेकांच्या किती जवळ पडली ते मोजतात. छिद्रांच्या या पुंजक्याला ‘ग्रुप’ म्हणतात. १९७३ मध्ये मॅक मॅकमिलन यांचा १०० यार्डांवरील (९१.४४ मी.) ग्रुप ०.००९ इंच, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी भरला. त्याच दशकात शल्यविशारद लुई पाल्मिसानो आणि साचे घडवणारे कारागीर फेरिस पिंडेल यांनी ‘.२२० रशियन’ या सोव्हिएत शिकारी काडतुसाची पुंगळी घेतली, मान ६ मिमी गोळीसाठी रुंद केली आणि खांदा ३० अंशांचा केला. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे काडतुसाला मिळाली. पुंगळी आखूड व जाड असल्याने दारूचा स्तंभ बुटका राहतो, टोपी लहान आणि ठिणगीचे छिद्रही नेहमीच्या सुमारे २ मिमीऐवजी १.५ मिमी. यामुळे दारू एकसारखा पेट घेते, असा अनेक वर्षांचा अनुभव आहे. कारणांबद्दल मतभेद असले तरी निकालाबद्दल फारसे नाहीत: आखूड पल्ल्याच्या बेंचरेस्टवर हे काडतूस पुढे दीर्घकाळ राज्य करत राहिले.

यश एकसारखेपणात आहे. पुंगळीची मान सगळीकडे एकाच जाडीची व्हावी म्हणून ती बाहेरून तासतात. वारंवार झाडून कडक झालेले पितळ तापवून मऊ करतात, म्हणजे गोळीवरील पकड पहिल्या आणि दहाव्या वेळी सारखी राहते. गोळी किती आत बसवायची हा सर्वांत नाजूक प्रश्न. नळीतील पेचदार खाचा जिथे सुरू होतात तिथपासूनचे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने बदलले तरी ग्रुप बदलू शकतो.

दारूच्या बाबतीत पल्ल्यानुसार रीत बदलते, आणि हे नवख्याला पटकन पटत नाही. १०० यार्डांच्या बेंचरेस्टमध्ये अनेक अव्वल नेमबाज दारू तोलत नाहीत. मापाच्या यंत्राने ओतून मैदानावरच भरतात. सेकंदाला १० मीटर वेगफरकाने तिथे गोळी एखाद-दोन मिलिमीटरच खाली-वर पडते. १,००० यार्डांवर तोच फरक वीतभर खाली-वर नेतो, म्हणून तिथे दाण्यादाण्याचा हिशेब ठेवतात.

प्रमाण ठरवताना दारूच्या उत्पादकाच्या तक्त्यातील किमान प्रमाणापासून थोडे थोडे वाढवत जातात. चपटी झालेली टोपी किंवा जड उघडणारा बोल्ट दिसला की थांबायचे. दाबाच्या मर्यादेशी खेळ केल्यास रायफल फुटून जीव जाऊ शकतो. चाचणीतला फसवा भाग म्हणजे तीन गोळ्यांचा ग्रुप. त्याच काडतुसांचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने दीडपटीहून मोठा भरतो, आणि दोन छोट्या ग्रुपमधला दुपटीचा फरकही निव्वळ योगायोगाचा असू शकतो. ‘या प्रमाणाने नळी खूश झाली’ असे म्हणण्यापूर्वी निदान दहा-वीस गोळ्या झाडाव्यात, असे प्रस्तुत लेखकाला ठामपणे वाटते. हातभरणीच्या चर्चेतील निम्मे वाद एवढ्याने मिटतील.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, त्यामुळे घरगुती छंद म्हणून ही कला येथे रुजली नाही. शिवाय महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेली ५० मीटर रायफल स्पर्धा (२०१० मधील तेजस्विनी सावंत यांचे प्रोन प्रकारातील जगज्जेतेपद, २०२४ मधील स्वप्निल कुसाळे यांचे ऑलिंपिक कांस्य) .२२ रिमफायर काडतुसांवर चालते. यांत वेगळी टोपी नसते. पेटणारे द्रव्य पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि घोड्याचा आघात त्या कडेला चेपतो, म्हणून ही पुंगळी व्यवहारात पुन्हा भरत नाहीत. तिथे एकसारखेपणा निवडून आणावा लागतो: एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या लॉटमधील काडतुसे शिकंज्यात धरलेल्या आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो लॉट मानवला त्याचा पुढच्या स्पर्धांपुरता साठा करून ठेवतात.