मध, लिंबू आणि देऱ्याचा बाजार

२००४ सालच्या सुट्टीहून परतताना वाईला आईने बॅगेत महाबळेश्वरच्या जांभूळ-मधाची बाटली कोंबली, चार पिशव्यांत गुंडाळून. लेक तेव्हा दहावीत होती. गालांवर मुरुमांचे डाग आणि आरशासमोर रोज रडारड. "लिंबू पिळून मध लाव, पंधरा दिवसांत चेहरा उजळेल," हा आईचा हुकूम.

बाटली संपली तेव्हा मी देऱ्यातल्या मसाल्याच्या बाजारात गेले. आम्ही नाइफला राहायचो, चालत अंतर. केशर, लोबान, सुकी लिंबं यांच्या वासातून वाट काढत मधाचं दुकान गाठलं. दुकानदाराने येमेनचा सिद्रचा मध चाखायला दिला. सिद्र म्हणजे आपल्या बोरीचीच बहीण! किंमत ऐकून मात्र मी बाटली हळूच खाली ठेवली आणि साधा मध घेतला.

मधाच्या लेपाची ही हौस आपल्या आज्यांच्याही फार आधीची. इजिप्तच्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्ये कांती सुधारण्यासाठी मध, नॅट्रॉन नावाचा खार आणि मीठ यांचा लेप दिला आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार मोजले आहेत. जखम शुद्ध करणारा, भरून आणणारा आणि वर्ण सुधारणारा असे त्याचे गुण सांगितले आहेत. कुराणातला सोळावा अध्याय तर मधमाशीच्याच नावाचा आणि त्यात मधाला गुणकारी म्हटलं आहे. म्हणजे देऱ्यातला दुकानदार आणि वाईची आई यांचं एकमत व्हायला काहीच हरकत नव्हती.

लिंबाबद्दल मात्र सुश्रुताला उगाच दोष देऊ नये. ती भर आपली घरगुती.

एका सकाळी लेक तो लेप नीट न धुताच शाळेत गेली आणि खेळाच्या तासाला उन्हात उभी राहिली. दोन दिवसांत गालावर तपकिरी ओघळ उमटले. मला रात्रभर झोप नाही. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी विचारलं, "लिंबू लावलं होतं का?" लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात, डाग मागे ठेवतात. ते जायला सहा महिने लागले.

मधाचा गुण खोटा नाही. त्यात पाणी कमी, आंबटपणा बराच आणि मधमाशीच्या एका विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणून जंतू वाढत नाहीत. अमेरिकेत २००७ मध्ये निर्जंतुक केलेल्या मधाच्या मलमपट्टीला जखमा आणि भाजण्यासाठी मान्यता मिळाली. पण जखम वेगळी, डाग वेगळा. न्यूझीलंडमध्ये कानुका मध मुरुमांवर लावून पाहिला, त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला: वेगळा फायदा दिसला नाही. हे वाचून मला, खरं सांगते, जरा वाईटच वाटलं.

आता लेकीलाच मुलगी झाली. बारशाला आई हट्टाने वाईहून आली, सोन्याची अंगठी आणि मधाची बाटली घेऊन, पणतीला चाटवायला. लेकीने तिचा हात धरला. "आजी, वर्षाच्या आत मध नाही. त्यातल्या जंतूंनी बाळाला बोटुलिझम होऊ शकतो." आई क्षणभर रागावली. मग तिने अंगठी नुसतीच बाळाच्या ओठांना टेकवली आणि बाटली माझ्याकडे दिली.

"तुझ्या चहात घाल," म्हणाली. "आणि लिंबू नको."