भिवंडीत भेटलेली रावळपिंडी

मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडीत दंगल उसळली. त्यानंतर अभिनेते बलराज साहनी तिथल्या जळलेल्या वस्त्यांत फिरले, तेव्हा त्यांच्यासोबत धाकटा भाऊ होता. भीष्म साहनी, दिल्लीत इंग्रजीचे प्राध्यापक. यंत्रमागांच्या त्या गावात भीष्मजींना आपली रावळपिंडी आठवली. दिल्लीला परतल्यावर त्यांनी ‘तमस’ लिहायला घेतली. 1975 साली या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

भीष्मजींचा जन्म 1915 चा, रावळपिंडीचा. घरात पंजाबी, शाळेत उर्दू आणि लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजीत एम.ए. 1942 च्या आंदोलनात तुरुंगवासही घडला. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी जिल्हा पेटला, तेव्हा ते काँग्रेसच्या मदत समितीचं काम करत होते. जवळच्या थोहा खालसा गावात शीख बायकांनी विहिरीत उड्या घेऊन जीव दिला. ती विहीर ‘तमस’मध्ये सय्यदपूरच्या नावाने येते.

मदत समितीचं कार्यालयही कादंबरीत आहे. तिथला कारकून समोरच्या माणसाला रडगाणं गाऊ देत नाही. किती मेले, किती जखमी, मालमत्ता किती रुपयांची गेली, एवढंच सांगा म्हणतो. माणसं मात्र आपलीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगत राहतात.

फाळणीनंतर भीष्मजी दिल्लीत स्थिरावले आणि अजमेरी गेटजवळच्या दिल्ली कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. तेव्हा जुन्या मदरशाच्या आवारात असलेल्या या कॉलेजाला 1975 मध्ये झाकीर हुसेन यांचं नाव मिळालं. मधली काही वर्षं, 1957 ते 1963, ते मॉस्कोत अनुवादक होते. टॉलस्टॉयचं ‘पुनरुत्थान’ त्यांनी हिंदीत आणलं. वर्गात इंग्रजी आणि लेखणीत हिंदी, ही विभागणी त्यांनी बहुतांशी पाळली.

इंग्रजी मिरवणाऱ्या मध्यमवर्गाकडे ते कसे पाहत, हे ‘चीफ की दावत’ या कथेत दिसतं. शामनाथच्या घरी साहेब जेवायला येणार असतो. फर्निचर मांडलं जातं, फालतू सामान लपवलं जातं, आणि मग प्रश्न उरतो म्हाताऱ्या आईचा. तिला कुठे लपवायचं? शेवटी साहेब तिच्यासमोर येतोच. हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो. उजव्या हातात जपमाळ असल्याने आई गोंधळून डावाच हात देते. साहेब मात्र तिच्या गाण्यावर आणि फुलकारीच्या भरतकामावर खूश होतो. मग डोळे अधू झालेल्या आईने नवी फुलकारी भरायची, हे मुलगाच परस्पर कबूल करून टाकतो. त्याला बढती हवी असते.

अभिनयाचं वेड घरातलंच. इप्टा या जननाट्य संघाशी दोघा भावांचं नातं होतं. सईद मिर्झांच्या ‘मोहन जोशी हाजिर हो’ (1984) मध्ये मुंबईच्या चाळीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा म्हातारा भीष्मजींनी उभा केला. गोविंद निहलानींच्या ‘तमस’ मालिकेत ते हरनाम सिंग झाले. 1988 च्या जानेवारीत ती दूरदर्शनवर सुरू होताच बंदीसाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि तिचा मार्ग मोकळा केला. सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली.

पुढच्याच वर्षी, 1 जानेवारी 1989 ला, दिल्लीला लागून असलेल्या साहिबाबादमध्ये पथनाट्य चालू असताना नाटककार सफदर हाश्मींवर जीवघेणा हल्ला झाला. त्यांच्या स्मृतीसाठी ‘सहमत’ ही संस्था स्थापन झाली, तिची धुरा सत्तरी ओलांडलेल्या भीष्मजींनी उचलली.

थोरल्या भावावर त्यांनी आधीच इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं. स्वतःची कहाणी मात्र हिंदीत, अगदी अखेरीस. ‘आज के अतीत’ 2003 मध्ये आलं आणि त्याच वर्षी 11 जुलैला ते दिल्लीत वारले. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या या माणसाचं आत्मचरित्र इंग्रजीत यायला 2015 उजाडलं. ते काम केलं टेक्सासमधल्या इंग्रजीच्याच एका प्राध्यापकाने, स्नेहल शिंगवी यांनी.