एक पोस्टकार्ड, दोन कायदे आणि ‘हेतू’ हा शब्द

सोलापूर जिल्ह्यात विहीर खणणे हे केवळ मातीचे काम नाही. वरचा थर संपला की काळा कातळ लागतो आणि तिथून पुढे कुदळ चालत नाही. सुरुंग लावावा लागतो. जिलेटिनच्या कांड्या हा शब्द त्यामुळे इथल्या विहिरी खणणाऱ्याला किंवा खडीच्या खाणीवरच्या मजुराला नवा नाही. हाच शब्द वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला की मात्र त्याचा अर्थ पालटतो. ‘स्फोटकांचा साठा जप्त’, ‘घातपाताचा कट उधळला’ अशा साच्यातले मथळे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. पहिल्या मथळ्यात एक वस्तू आहे, दुसऱ्यात एक हेतू आहे. या दोहोंमधले अंतर न्यायालयाला पुराव्याने आणि अनेक वर्षांनी कापावे लागते. वर्तमानपत्र ते एका रात्रीत कापते. ही सवय कुठून आली, हे पाहण्यासाठी शतकभर मागे जावे लागेल.

कायद्याच्या भाषेत हे अंतर नीट आखलेले आहे. १८८४ चा स्फोटकांचा कायदा परवान्याचा विचार करतो: माल कोणी करावा, कुठे ठेवावा, कसा न्यावा, कोणाला विकावा. परवान्यावाचून कांड्या बाळगणारा माणूस या कायद्याखाली गुन्हेगार ठरतो, पण त्याच्या मनात काय होते हा तिथे मुख्य प्रश्न नसतो. १९०८ चा स्फोटक पदार्थांचा कायदा मात्र मनाकडे वळतो. त्याच्या चौथ्या कलमात जीवितास किंवा मालमत्तेस धोका पोहोचवण्याचा हेतू लागतो. पाचव्या कलमात तर रास्त संशय येण्याजोगी परिस्थिती पुरते आणि आपला उद्देश कायदेशीर होता हे आरोपीने दाखवायचे असते. एकच पेटी, पण एका कायद्यात ती माल आहे आणि दुसऱ्यात मनाची साक्ष. बातमीची भाषा हा भेद सहसा पाळत नाही.

हा दुसरा कायदा कसा जन्मला, ही कथा मराठी वाचकाला जवळची आहे. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशाच्या समजुतीने एका गाडीवर बाँब टाकला. त्यात केनेडी कुटुंबातील दोन स्त्रिया मृत्यू पावल्या. त्यानंतर ८ जून १९०८ या एकाच दिवशी सरकारने दोन कायदे केले. त्या वर्षातला सहावा कायदा स्फोटक पदार्थांचा, सातवा वृत्तपत्रांचा. गुन्ह्याला चिथावणी देणारा मजकूर छापल्यास छापखानाच जप्त करण्याचा अधिकार या सातव्या कायद्याने दिला. दारूगोळा आणि छापील शब्द हे सरकारच्या लेखी एकाच जातीचे पदार्थ होते, हे एवढ्यावरून स्पष्ट होते.

दुसऱ्याच दिवशी, ९ जूनला, केसरीत ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. बाँब हे बंदुकीसारखे हत्यार नसून ते मुख्यतः ज्ञान आहे, आणि ज्ञान कुलुपात ठेवता येत नाही, असा त्यातील युक्तिवादाचा गाभा होता. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. हा अग्रलेख आणि १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ हे दोन्ही लेख आरोपपत्राचा आधार झाले. काळकर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्यावरही याच सुमारास खटला होऊन त्यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली.

टिळकांच्या घरझडतीत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी ग्रंथांची नावे लिहिलेली होती. स्फोटके नव्हती, ग्रंथही नव्हते. होती ती फक्त ग्रंथांची नावे. नव्या कायद्यातील स्फोटकांच्या व्याख्येवर टीका करण्यासाठी ती टिपून ठेवली होती, असा टिळकांचा खुलासा होता. फिर्यादी पक्षाने मात्र ते कार्ड लेखांमागचा हेतू दाखवण्यासाठी ज्यूरीपुढे ठेवले. साहित्याच्या अभ्यासकांनी या ठिकाणी थोडे थांबावे. लेखकाचा हेतू संहितेतून वाचायचा की संहितेबाहेरच्या कागदांतून, हा आपल्या वर्गातला जुना प्रश्न आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयात त्या जुलैमध्ये या प्रश्नाच्या उत्तरावर सहा वर्षांची शिक्षा अवलंबून होती.

दुसरा पेच भाषेचा होता. लेख मराठीत, पण ज्यूरीपुढे होते ते त्यांचे इंग्रजी भाषांतर. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. टिळकांनी आपला बचाव स्वतःच चालवला, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि शब्दाशब्दाच्या छटांवर वाद घातला. ज्यांना मूळ शब्दच वाचता येत नाहीत ते त्या शब्दांमागचा हेतू कसा ठरवणार, हा त्यांचा आक्षेप मुळाशी जाणारा होता. २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली; ती टिळकांनी मंडालेत भोगली.

त्या जुळ्या कायद्यांचे पुढे काय झाले? वृत्तपत्रांचा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. स्फोटक पदार्थांचा कायदा आजही चालू आहे. एक भाऊ गेला, दुसरा राहिला. याचा परिणाम असा की ज्या वर्तमानपत्राने संशयाच्या कायद्याची झळ स्वतः सोसली होती, ते त्या कायद्याच्या कक्षेबाहेर पडले आणि हळूहळू संशय घेणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसले. १९०८ मध्ये पोस्टकार्डावरून हेतू वाचणारे फिर्यादीचे वकील होते. आज तेच वाचन आरोपीचे नाव, गाव, धर्म, फोनमधले फोटो आणि घरातली पुस्तके यांच्या आधारे बातमीदार करतो, आणि तेही बहुधा ‘सूत्रांच्या’ तोंडून.

सोलापूरला हे अधिक समजायला हवे. १२ मे १९३० पासून जूनअखेरपर्यंत या शहराने लष्करी कायदा पाहिला. ज्यात दारूचा कणही नव्हता अशी गांधी टोपी आणि काँग्रेसचा झेंडा यांवरून तेव्हा माणसाची पारख होत होती. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे स्वतः पत्रकार होते. ‘गझनफर’ हे पत्र ते चालवत. वस्तूवरून मन ओळखल्याचा दावा सत्ता करू लागली की काय होते, हे या शहराने सोसले आहे.

अलीकडचा इतिहासही हेच सांगतो. मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये स्फोट झाले; पकडलेल्यांना पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्याच गावातल्या २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये सातही आरोपी निर्दोष सुटले. पहिल्या प्रकरणात आरोपी मुस्लिम होते, दुसऱ्यात हिंदू. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी दहशतीला एकेक रंग देऊन टाकला. वाचकांनीही आपापल्या कलानुसार एक बातमी खरी आणि दुसरी बनाव मानली. ज्यांची माणसे गेली, त्यांना मात्र गुन्हेगार कोण याचे उत्तर मिळाले नाही. हेतूची घाई करणाऱ्या बातमीचे हे सर्वांत मोठे नुकसान आहे: ती निरपराधाला डागते आणि खऱ्या गुन्हेगाराविषयीचे कुतूहल संपवून टाकते.

याचा अर्थ स्फोटके सापडल्याची बातमी देऊ नये असा नव्हे. अवैध साठा हा गंभीर धोका आहे आणि तो लोकांना कळलाच पाहिजे. पण काय सापडले, किती, कोठे, कोणत्या कलमाखाली गुन्हा नोंदला आणि हेतूविषयी पोलिसांचे म्हणणे काय, एवढे वेगवेगळे लिहिता येते. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द मथळ्यात जागा अडवतात खरे. पण टिळकांच्या खटल्यातले सगळे भांडण अशाच दोन-चार शब्दांसाठी होते.

केसरीचे ते दोन अग्रलेख वर्गात शिकवले जातात, तेव्हा त्यांच्या जोडीला त्या पोस्टकार्डाचीही गोष्ट सांगावी असे वाटते. वाचणे म्हणजे काय आणि संशय घेणे म्हणजे काय, यांतला फरक विद्यार्थ्यांना त्यावरून चांगला कळेल.